तोंडदेखला घनवाद

माझी पुतणी आठवीत आहे. परवा तिच्या चित्रकलेच्या वहीत एक चेहरा दिसला. लंबगोल, मधोमध नाकाची रेघ, रेघेच्या डावीकडे बाजूने दिसणारा चेहरा, उजवीकडे समोरून दिसणारा. एक डोळा निळा, दुसरा पिवळा आणि पहिल्याच्या वर चढलेला. मग पट्टीने आडव्यातिडव्या दहा-बारा रेघा मारून प्रत्येक तुकड्यात वेगळा ऑइल पेस्टल घासलेला. चित्र रंगीबेरंगी, देखणं होतं. सरांनी ‘छान’ असा शेराही दिला होता. मी विचारलं, “कोणाचं चित्र आहे हे?” ती म्हणाली, “कोणाचं म्हणजे? पिकासोचं.”

तिचं काहीच चुकलं नव्हतं, कारण तो चेहरा खरोखर कुणाचाच नव्हता. फळ्यावर पायऱ्या लिहिल्या होत्या, वर्गाने त्या उतरवून घेतल्या आणि एका तासिकेत वर्गभर पिकासो तयार झाले. मुलांच्या आजूबाजूला तेवढेच जिवंत चेहरे बसलेले होते. त्यांतल्या एकाकडेही कुणी पाहिलं नाही.

चेहरा काढण्याची दुसरी एक पद्धत आपल्या शाळांत जास्त रुजलेली आहे. जयंती जवळ आली की राष्ट्रपुरुषाचा फोटो घ्यायचा, त्यावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, ड्रॉइंग शीटवर तेवढ्याच मोठ्या चौकटी आखायच्या आणि एकेक घर उतरवत जायचं. जमलं की पालक म्हणतात, “अगदी हुबेहूब!” तिथेही समोर माणूस नसतो. पहिल्या पद्धतीत कृती उतरवली जाते, दुसरीत फोटो. चित्रकलेचा तास असा माणसाकडे न पाहता पार पडतो, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नसते.

माझी आहे. माझं म्हणणं थोडं आगाऊ वाटेल: घनवादी (क्यूबिस्ट) व्यक्तिचित्र, म्हणजे एकाच माणसाच्या अनेक बाजू एकाच कागदावर आणणारं चित्र, शाळेत शिकवावं, आणि ते हुबेहूब चित्र यायला लागण्याआधीच शिकवावं. फक्त ते घनवादी असावं.

आता, घनवाद म्हणून जे खपवलं जातं त्याची थोडी झडती घेऊ. ते नावच मुळात टवाळीतून आलं. 1908 च्या नोव्हेंबरात पॅरिसमध्ये कानवायलर या चित्रविक्रेत्याच्या छोट्या दालनात जॉर्ज ब्राक या फ्रेंच चित्रकाराची निसर्गचित्रं लागली होती. लुई व्होसेल या समीक्षकाने लिहिलं की हा माणूस सगळ्याचे ठोकळे, म्हणजे ‘क्यूब’, करतो. त्यावरून ‘क्यूबिझम’ हे नाव चिकटलं. मराठीत आपण ‘घन’ हा शब्द निवडला आणि भूमितीच्या पुस्तकातला सहा बाजूंचा घन डोळ्यांपुढे आणून ठेवला. वास्तविक त्या काळातल्या व्यक्तिचित्रांत पूर्ण ठोकळा असा शोधून सापडत नाही. उघडे पडलेले, एकमेकांत सरकलेले पृष्ठभाग दिसतात, ते बहुतेक खाकी, करडे, मातकट. निळा-पिवळा डोळा नाही, एका गालावर दोन डोळे नाहीत. ते सगळं पिकासोच्या 1930 नंतरच्या चित्रांतलं आहे. 1937 ची रडणारी बाई हे त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. शाळेतली कृती या दोन काळांची खिचडी आहे: नाव 1910 चं, रंग आणि डोळे पंचवीसेक वर्षांनंतरचे.

ही चूक काढणं किरकोळ वाटेल. पण 1910 ची चित्रं कशी झाली हे पाहिलं की ती किरकोळ राहत नाही. त्या वर्षी पिकासोने तीन माणसांची चित्रं काढली: आंब्रवाझ व्होलार, विल्हेल्म ऊडे आणि तोच कानवायलर. (तिघेही चित्रांच्या व्यापारातले. बसून राहायला वेळ कुणाकडे होता, हेही त्यातून कळतं.) कानवायलर सुमारे तीस वेळा बसला, असं सांगितलं जातं. त्याचं चित्र आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. पहिल्या नजरेत ते कोसळलेल्या कपाटासारखं दिसतं. जरा थांबलं की केसांची लाट दिसते, मग घड्याळाची साखळी, मग खाली एकमेकांत गुंतवलेले हात. हातांपर्यंत पोचलो की तो माणूस कसा बसला असेल ते कळायला लागतं: सावध, नेटका, वाट पाहणारा.

त्याआधीची गोष्ट गर्ट्रूड स्टाइनची. 1905-06 च्या हिवाळ्यात ही अमेरिकन लेखिका पिकासोपुढे बसायची. तिच्याच सांगण्याप्रमाणे ऐंशी-नव्वद वेळा. शेवटी पिकासोने तिचा चेहरा पुसून टाकला आणि उन्हाळ्यात स्पेनला निघून गेला. परत आल्यावर तिला न बसवता, प्राचीन स्पॅनिश शिल्पांच्या मुखवट्यासारखा चेहरा त्याने रंगवला. ऐंशी वेळा पाहूनही त्याला ‘दिसत नाही’ असं वाटलं, हे मला त्या मुखवट्याहून महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे तासिका पस्तीस मिनिटांची असते, त्यातली पाच हजेरीत जातात.

ऊडेच्या चित्राबद्दल एक किस्सा आहे. रोलंड पेनरोझ हा इंग्रज चित्रकार-लेखक ऊडेला कधी भेटला नव्हता, त्याने फक्त ते चित्र पाहिलेलं होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी पॅरिसच्या एका गजबजलेल्या कॅफेत त्याने ऊडेला त्या चित्रावरून ओळखलं. किस्से तिखटमीठ लावूनच पोचतात, हे मान्य. तरी ऊडेचं चित्र पाहा: आवळलेले छोटे ओठ, ताठ कॉलर, उंच कपाळ. चेहऱ्याचे तुकडे पाडताना नेमकं काय ठेवायचं याची निवड तिथे झालेली आहे. ही निवड करण्यासाठी माणसाला ओळखावं लागतं. फोटोवरून चौकटी उतरवताना ती करावीच लागत नाही. फोटोने सगळंच सारख्या निष्ठेने टिपलेलं असतं, नाक जितकं तितकंच मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर.

आता फोनमध्ये असं ॲप असतं की फोटो टाकला की क्षणात ‘क्यूबिस्ट पोर्ट्रेट’ हजर. मुलं ते वापरतात. काही शिक्षकही नमुना म्हणून दाखवतात. ॲपवर राग धरण्यात अर्थ नाही, पण ते काय करतं ते समजून घ्यावं. त्याच्याकडे एका जागेवरून, एका क्षणी घेतलेला एक फोटो आहे. त्याचे तुकडे केले तर तुकडे मिळतात, बाजू मिळत नाहीत. कानाच्या मागे काय आहे ते फोटोला माहीत नव्हतं, ॲपलाही माहीत नाही. घनवादी चित्रात फोटोपेक्षा जास्त माहिती असते, ॲपने काढलेल्या चित्रात फोटोपेक्षा कमी. पट्टीने रेघा मारून घेणारा फळा आणि हे ॲप यांत मला तरी फरक दिसत नाही.

जास्त माहिती म्हणजे काय, ते मुलांना दाखवायचं असेल तर मी पिकासोकडे जात नाही. झां मेत्झँजे या घनवादी चित्रकाराचं 1911 चं चित्र दाखवतो, चहा घेणाऱ्या बाईचं. तिच्यासमोरचा कप बघायचा. अर्धा कप बाजूने दिसतो, अर्धा किंचित वरून, आणि दोन्ही अर्धे मधल्या रेघेवर जुळलेले. तिचा चेहराही तसाच, समोरून आणि बाजूने. पण मुलांना आधी कप कळतो. कपात चहा किती आहे हे वरून दिसतं आणि कप केवढा उंच आहे हे बाजूने. दोन्ही हवं असेल तर जागेवरून उठावं लागतं. सहावीतल्या मुलाला हे दोन मिनिटांत पटतं. मोठ्यांना वेळ लागतो.

मुलांना चटकन पटतं याला कारण आहे. कॅरम खेळणारी चार पोरं काढायला सहा-सात वर्षांच्या मुलाला सांगा. बोर्ड वरून पाहिल्यासारखा चौकोनी येईल, चारही भोकांसकट, आणि पोरं चारही बाजूंना पाय पसरून जमिनीवर आडवी झाल्यासारखी येतील. ती चूक म्हणून आपण सुधारतो. पण त्या मुलाने बोर्डाबद्दल आणि पोरांबद्दल त्याला ठाऊक असलेलं सगळं सांगितलेलं असतं. शाळाशाळांतून ज्या वारली चित्रांची आपण नक्कल करून घेतो, त्यांतला तारप्याचा नाच आठवा: नाचाचं वेटोळं वरून पाहिलेलं, नाचणारी माणसं बाजूने. पश्चिम भारतातल्या जैन पोथ्या घ्या. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या कल्पसूत्राच्या पानांवर चेहरा जवळपास बाजूने काढलेला असतो आणि पलीकडचा, दिसू नये असा डोळा चेहऱ्याच्या बाहेर हवेत तरंगत असतो. डोळे दोन असतात ना, मग दोन हवेत.

इथे मला लगेच कंस उघडावा लागतो, नाहीतर कुणीतरी ‘घनवाद आमच्याकडे आधीच होता’ असा फॉरवर्ड तयार करेल. नव्हता. जैन चित्रकाराला जे सहज होतं ते पॅरिसच्या चित्रकारांनी चारशे वर्षांचं यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) शिकून, त्याचा कंटाळा येऊन, मुद्दाम मोडून मिळवलं. दोन्हींमागची गरज वेगळी, भांडण वेगळं. आपल्याकडे घनवाद आला तो रीतसर बाहेरून, आणि तोही लवकर: गगनेंद्रनाथ ठाकुरांची घनवादी म्हणावीत अशी चित्रं 1922 च्या सुमारास कोलकात्यात लोक पाहत होते. मुंबईचे जहांगीर सबावाला पॅरिसला आंद्रे ल्होत या घनवादी चित्रकाराच्या हाताखाली शिकून आले आणि पृष्ठभागांची ती शिस्त त्यांनी आयुष्यभर आपल्या पद्धतीने वापरली.

माझ्या म्हणण्यावर येणारा पहिला आक्षेप ठरलेला आहे: “आधी पाया, मग मोडतोड. पिकासोलाही पंधराव्या-सोळाव्या वर्षी ‘विज्ञान आणि दया’सारखं पक्कं शास्त्रीय चित्र काढता येत होतं.” येत होतं, 1897 साली. वडील चित्रकलेचे शिक्षक, घरातच तालीम. पण हा युक्तिवाद करणारे पाया कशाला म्हणतात? त्यांचा पाया म्हणजे साम्य. माझ्या मते पाया म्हणजे पाहणं, आणि साम्य हा पाहण्याचा एक निकाल आहे, एकमेव नव्हे. फोटोवरून उतरवलेल्या हुबेहूब चेहऱ्यात पाहण्याचं काम कॅमेऱ्याने आधीच उरकलेलं असतं. पोराला उरते ती हमाली. चांगलं शेडिंग करणारी पण समोर माणूस बसवला की हात गोठणारी मुलं मी दर वर्षी बघतो. त्यांना नाक सपाट कागदावरचं माहीत असतं. नाकाला खालची बाजू असते, हे त्यांना नवीन असतं.

आणि जे खरे हुबेहूबवाले होते, त्यांना एक चेहरा पुरत नसे, याची साक्ष पुण्यातच आहे. बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन मोठी तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं, दुसरं स्त्रीवेशातलं. देऊसकर म्हणजे साम्यावर कमालीची हुकमत असलेला चित्रकार. पण बालगंधर्व एका कॅनव्हासवर मावेनात तेव्हा त्यांनी दोन घेतले. नाटकाला येणारे लोक एका चित्राकडून दुसऱ्याकडे मान वळवतात. ती मान वळवणं म्हणजेच मला मुलांना जे शिकवायचं आहे ते. देऊसकरांना घनवादी ठरवण्याचा माझा अर्थातच इरादा नाही. त्यांनी तो विनोद खपवूनही घेतला नसता.

दुसरा आक्षेप बोलला जात नाही, पण जास्त वजनदार आहे. चेहरा मोडणं म्हणजे अपमान, अशी आपली भावना असते. आजोबांच्या फोटोला हार घालणाऱ्या समाजात ती असणारच. मी तिची थट्टा करत नाही. पण हुबेहूबपणाचा आग्रह नेहमीच प्रेमातून येतो असं नाही. मार्च 1953 मध्ये स्टालिन वारल्यावर ‘ले लेत्र फ्राँसेज’ या साम्यवादी साप्ताहिकाचा संपादक लुई आरागाँ याने पिकासोकडे चित्र मागितलं. पिकासो तेव्हा पक्षाचाच सभासद होता. त्याने तरुण स्टालिनचा चेहरा काढून दिला, साध्या रेघांचा, घनवादाशी काही संबंध नसलेला, नाक-डोळे जागच्या जागी असलेला. तरी गदारोळ झाला. चिडलेली पत्रं आली आणि फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाने जाहीर नापसंती व्यक्त केली. लोकांना स्टालिन हवा नव्हता, स्टालिनचा नेहमीचा फोटो हवा होता. एकदा एक चेहरा अधिकृत ठरला की माणूस मागे पडतो आणि फोटोचीच पूजा सुरू होते. आपल्या कचेऱ्यांच्या भिंती पाहा. एकेका महापुरुषाचा एकच ठरलेला फोटो, त्याच एका कोनातून, गावोगाव. त्या माणसाने आयुष्यात कधी मान वळवलीच नसावी, असं वाटतं.

शाळेतल्या मुलांनी महापुरुषांचे घनवादी चेहरे काढावेत असं मी सुचवत नाहीये. नको त्या भानगडी. आणि कारण त्याहून साधं आहे: ते समोर बसू शकत नाहीत.

माझ्या मताला खरा धक्का देणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मला नीट सोडवता आलेली नाही. पिकासोने ज्यांचा चेहरा पुन्हा पुन्हा काढला त्या दोरा मार स्वतः उत्तम छायाचित्रकार होत्या. 1937 मध्ये पिकासोचं ‘गेर्निका’ हे भलंमोठं चित्र रंगवलं जात असताना त्याच्या टप्प्याटप्प्यांचे फोटो त्यांनीच घेतले. रडणाऱ्या बाईच्या चित्रांमागचा चेहरा त्यांचा मानला जातो. पुढे त्या म्हणाल्याचं नोंदलं गेलं आहे की पिकासोने काढलेली त्यांची सगळी चित्रं खोटी आहेत, ती सगळी पिकासो आहेत, एकही दोरा मार नाही. म्हणजे माझ्या पुतणीचंच उत्तर. चार बाजूंनी पाहूनही बघणारा स्वतःलाच पाहत राहिला, असं होऊ शकतं. नुसतं फिरून पाहणं पुरत नाही. बसलेल्या माणसाला चित्राबद्दल बोलायचा हक्क असला पाहिजे, हे मी यातून घेतलं. पिकासोच्या स्टुडिओत तो कुणाला किती होता, कुणास ठाऊक. वर्गात तो देता येतो.

मग करायचं काय? एलिमेंटरी-इंटरमीजिएटमध्ये घनवादी व्यक्तिचित्राचा पेपर घाला, असं माझे एक शिक्षकमित्र सुचवतात. कृपा करून नको. त्या परीक्षांत वस्तुचित्र आहे, स्मरणचित्र आहे, संकल्पचित्र आहे, जिवंत माणूस समोर बसवणारा पेपर नाही, हे खरं. पण पेपर आला की पुढच्या वर्षी गाइड येईल, गाइडमध्ये ‘हमखास येणारे पाच घनवादी चेहरे’ येतील, आणि दहावीच्या वाढीव गुणांसाठी मुलं ते पाठ करतील. मला हव्यात वर्षातून दोन जोडतासिका, आणि एक माणूस जो बसायला तयार आहे. शाळेचे शिपाईमामा, खिचडी शिजवणाऱ्या ताई, निवृत्त झालेल्या बाई, कुणीही. खर्च शून्य. कोळशाच्या कांड्या आणि एक तपकिरी पेस्टल एवढंच सामान, आणि खोडरबर दप्तरात.

माझ्या रविवारच्या वर्गात आम्ही हे केलं. इमारतीचे वॉचमन काका स्टुलावर, भोवती नऊ मुलं गोलात. नियम एकच: दर दहा मिनिटांनी सगळ्यांनी एक जागा सरकायचं, कागद तोच ठेवायचा, आधीचं पुसायचं नाही. पहिल्या फेरीत नेहमीचे बदामी डोळे आले. दुसऱ्या फेरीला घबराट: “आता हे नाक कुठे काढू? तिथे आधीच गाल आहे!” मी म्हटलं, गालावरच काढ. तिसऱ्या फेरीपर्यंत दोघांचे कागद नुसते काळे झाले होते, आणि त्यांतला एक रुसून पाणी प्यायला गेला. पण एका मुलीच्या लक्षात आलं की मघाशी काढलेल्या कानाची कड आणि आताचं गालाचं हाड कागदावर एकाच ठिकाणी येतंय. तिने दुसरी रेघ मारलीच नाही. एकच रेघ दोघांना वापरली आणि तिथला कोपरा उघडा सोडला. ब्राक आणि पिकासो त्यांच्या आधीच्या पिढीतल्या सेझान या फ्रेंच चित्रकाराकडून हेच शिकले, पृष्ठभाग बंद न करता एकातून दुसऱ्यात सोडून देणं. तिला सेझान माहीत नव्हता, आणि मी तेव्हा सांगितलाही नाही.

पाठीमागे आलेल्या एका मुलाला चेहरा दिसतच नव्हता. तो कुरकुरला. मग त्याने टोपीखाली मानेवर पडलेल्या तीन घड्या काढल्या, आणि त्या इतक्या नेमक्या होत्या की पुढे त्या कागदावर समोरचा चेहरा आला तेव्हा तो बापडा फिकाच पडला. मध्येच काकांना डुलकी लागली. हनुवटी छातीवर गेली. “सर, काका हलले!” म्हटलं, ते पण काढा. रात्रपाळी करून आलेत.

शेवटी नऊ कागद जमिनीवर मांडले आणि काकांना आधी बोलायला लावलं, दोरा मारबाईंच्या आठवणीने. त्यांनी चष्मा लावला, एकेका कागदापुढे वाकून पाहिलं. मिशी एकालाही जमली नाही, म्हणाले, ती डावीकडे जरा जास्त आहे, कुणी बघितलंच नाही. टोपी मात्र सगळ्यांची बरोबर आलीय. मानेच्या घड्यांपाशी ते थांबले, हात मागे नेऊन मान चाचपली, आणि “हे कुणी काढलं?” असं विचारलं. मुलाने भीत भीत हात वर केला. पुढच्या रविवारी मिशीसाठी परत बसतो, असं सांगून ते गेटवर गेले.